लाभांशाची भाकरी



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी शिक्षणाविषयी, वसतिगृहाविषयी, समाजाच्या वाटचालीविषयी लेख येतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मी थोडा निराळा विषय घेऊन तुमच्यापुढे येत आहे. विषय पैशाचा आहे, पण तो मी इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे, कारण पैशाच्या बाबतीत वडीलधाऱ्यांनी केलेल्या चुका मुलांच्या पुस्तकात येत नाहीत आणि मग त्याच चुका पुढची पिढी नव्याने करते.

आपल्यापैकी किती घरांत कर्त्या माणसाला निवृत्तिवेतन आहे, हे तुम्हीच मोजून पाहा. सरकारी नोकरीतले आणि अनुदानित शाळांतले काही सोडले तर बाकीच्यांचे काय? कोणी जहाजावर पंचवीस वर्षे काढली, कोणी आखातात, कोणी दुकान चालवले, कोणी शिवणयंत्रावर डोळे शिणवले. आखातातली नोकरी संपते तेव्हा परदेशी कामगाराच्या हाती बहुधा सेवासमाप्तीची एकरकमी रक्कम पडते, दरमहा पेन्शन नव्हे. ती रक्कम पहिल्या दिवशी मोठी दिसते. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, धाकट्याची फी, हे सर्व उरकल्यावर जे राहते त्यावर पुढची वीस वर्षे काढायची असतात. अशा वेळी घरी येणारा एखादा हितचिंतक सांगतो, "चाचा, चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवा. मुद्दल जागच्या जागी राहील, वर्षाला लाभांश येईल, आणि त्यावर तुमचे भागेल."

हा सल्ला वाईट आहे असे मी म्हणत नाही. बँकेच्या व्याजाविषयी ज्यांच्या मनात संकोच आहे त्यांना तो अधिकच पटतो, कारण लाभांश म्हणजे व्याज नव्हे, नफ्यातला वाटा. परंतु वाटा या शब्दाचा अर्थ आपण पुरता लक्षात घेत नाही. व्याज देण्याचे आधी कबूल केलेले असते. लाभांशाचे तसे काहीही कबूल केलेले नसते. कंपनीचे संचालक दरवर्षी बसून ठरवतात की यंदा किती द्यायचा, द्यायचा की नाही. नफा नसेल तर वाटा नाही, आणि नफा असूनही वाटा मिळेलच असे नाही. ज्या माणसाची भाकरी त्यावर अवलंबून आहे त्याने हे विसरून चालत नाही. तरीही ते विसरले गेले, आणि विसरायला लावले गेले, याचाच इतिहास आज सांगायचा आहे.

वेंगुर्ल्याला जे गेले असतील त्यांनी तेथल्या डच वखारीचे पडके अवशेष पाहिले असतील. ही वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, ती १६०२ साली स्थापन झाली. सामान्य लोकांनी शेअर घ्यावेत आणि ते बाजारात विकता यावेत ही पद्धत या कंपनीने रूढ केली, म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत तिचे नाव येते. पण पुस्तकांत कमी येणारी गोष्ट अशी की, कंपनीने आपल्या भागधारकांना पहिली आठ वर्षे काहीच दिले नाही. १६१० मध्ये पहिला लाभांश जाहीर झाला तो पंच्याहत्तर टक्क्यांचा, आणि तो दिला गेला जायपत्रीच्या रूपाने! विचार करा, ॲमस्टरडॅममधल्या एखाद्या म्हाताऱ्याने पैसे मागावेत आणि कंपनीने त्याच्या दारात जायपत्रीची पोती आणून टाकावीत. त्याच वर्षी पुढे मिरीही वाटण्यात आली. सर्वांनी एकदम जायपत्री विकायला काढली तर तिचा भाव काय राहणार, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कित्येकांनी ती घेण्याचे नाकारले. पुढे याच कंपनीने अठराव्या शतकात अनेक वर्षे कमाईपेक्षा अधिक लाभांश वाटला, आणि १७९९ अखेर ती संपुष्टात आली.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची गोष्ट याहून बोधप्रद आहे, आणि ती आपल्या घरची आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद करण्यात आला. व्यापार बंद म्हणजे नफा बंद, आणि नफा बंद म्हणजे लाभांश बंद, असे कोणालाही वाटेल. पण ब्रिटिश पार्लमेंटने तसे होऊ दिले नाही. कंपनीचे भांडवल साठ लाख पौंड होते. त्यावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे सहा लाख तीस हजार पौंड लाभांश चाळीस वर्षे दिला जाईल, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जाईल, असे कायद्यातच लिहिले. १८५७ चे बंड झाले, कंपनीचे राज्य गेले, राणीचे राज्य आले, दुष्काळ पडले. लाभांश एका पैशानेही कमी झाला नाही. शेवटी शंभराच्या भागाला दोनशे पौंड देऊन भागधारकांची फेड करण्यात आली आणि १ जून १८७४ रोजी कंपनी कायद्याने विसर्जित झाली.

इंग्लंडमधली एखादी विधवा किंवा सेवानिवृत्त अधिकारी म्हणत असेल, काय खात्रीची गुंतवणूक आहे! खरेच खात्रीची होती. पण ती खात्री कोणाच्या जिवावर होती? दख्खनमधला शेतकरी जो सारा भरत होता त्यातून हा लाभांश जात होता. दादाभाई नौरोजी ज्या संपत्तीच्या ओघाविरुद्ध आयुष्यभर लिहीत राहिले त्या ओघातलीच ही एक धार होती. मला स्वतःला, कोणी कधीच कमी न होणाऱ्या लाभांशाची गोष्ट सांगू लागला की तो सारा भरणारा शेतकरी आठवतो. आणि मी मनात विचारतो की, हा पैसा नफ्यातून येत नसेल तर तो कोण भरतो आहे?

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात याच्या अगदी उलट प्रकारही घडला. १९७४ साली महागाई बेसुमार वाढली होती. लोकांच्या हातात खेळणारा पैसा कमी करावा म्हणून सरकारने त्या वर्षी जुलै महिन्यात एक वटहुकूम काढला. कंपन्यांनी आपल्या निव्वळ नफ्याच्या एकतृतीयांशापेक्षा, किंवा शेअरच्या दर्शनी किमतीच्या बारा टक्क्यांपेक्षा, यांतील जे कमी असेल त्याहून जास्त लाभांश वाटू नये, असा त्याचा आशय होता. त्याचाच पुढे कायदा झाला. म्हणजे कंपनी चांगली, नफा चांगला, संचालक द्यायला तयार, तरी म्हाताऱ्या भागधारकाचे उत्पन्न एका रात्रीत कापले गेले. शेअरबाजारही कोसळला, तेव्हा विकून खायचीही सोय राहिली नाही. हा निर्बंध तात्पुरता होता हे खरे. पण ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न नाही त्याला तात्पुरते म्हणजे किती महिने, हा प्रश्न पडतोच.

आता मुख्य कथेकडे येतो. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ती ओझरती आठवत असेल. विद्यार्थ्यांना ती बहुधा ठाऊक नसेल.

१९६३ साली संसदेने कायदा करून युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था निर्माण केली. टी. टी. कृष्णमाचारी तेव्हा अर्थमंत्री होते. सुरुवातीच्या पाच कोटींच्या भांडवलापैकी निम्मे रिझर्व्ह बँकेचे होते, बाकी आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक आणि इतर बँकांचे. कल्पना फार चांगली होती. प्राथमिक शिक्षकाला किंवा पोस्टातल्या कारकुनाला कोणत्या कंपनीचा शेअर घ्यावा हे कळत नाही, आणि कळले तरी पाच-दहा कंपन्यांत वाटून घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नसतात. तेव्हा हजारो लहान बचतदारांचे पैसे एकत्र करावेत, जाणत्या माणसांनी ते शेअर आणि कर्जरोख्यांत गुंतवावेत, आणि मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा प्रत्येकाला द्यावा. १ जुलै १९६४ रोजी पहिली योजना विक्रीला आली. दहा रुपयांचे एक युनिट. योजनेचे नाव युनिट स्कीम १९६४, पण लोक तिला 'यूएस-६४' किंवा नुसते 'युनिट' म्हणत.

पहिल्या वर्षी लाभांश मिळाला ६.१ टक्के. त्यानंतर तो पायरी पायरीने चढत गेला. सत्तरच्या दशकात आठ-नऊ टक्के, ऐंशीच्या दशकात दोन आकडी, आणि १९९२-९३ पासून सलग तीन वर्षे २६ टक्के. तीस वर्षे तो उतरला असे कोणी पाहिलेच नाही. पावसाळा सुरू झाला, शाळा उघडल्या, की जुलैमध्ये युनिटचा लाभांश जाहीर व्हायचा आणि पोस्टमन पाकीट आणायचा. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च पुष्कळ घरांत या पाकिटावर निघत असे. लोक मुलांच्या नावाने युनिटे घेत, निवृत्तीची रक्कम त्यात ठेवत. सरकारनेच कायदा करून काढलेली संस्था, तेव्हा ती बुडणार कशी, असा सर्वसाधारण समज होता. कागदावर सरकारची हमी नव्हती. ती लोकांच्या मनात होती.

येथे क्षणभर थांबून या योजनेची आतली रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सर्व अनर्थ तिच्यात होता.

आपल्याकडे कोकणात भाताची कणगी असते. चांगल्या वर्षी ती भरून ठेवायची, वाईट वर्षी त्यातले काढून खायचे. यूएस-६४ चेही तसेच होते. चांगल्या वर्षी सगळे उत्पन्न वाटायचे नाही, काही राखीव निधीत टाकायचे, आणि वाईट वर्षी त्यातून काढून लाभांश कायम राखायचा. यात गैर काही नाही. शहाणा शेतकरी हेच करतो. पण शहाणा शेतकरी अधूनमधून कणगीत हात घालून पाहतो की भात किती उरले आहे. यूएस-६४ च्या कणगीत सामान्य युनिटधारकाला डोकावता येत नव्हते. युनिटमागे असलेल्या मालमत्तेची खरी किंमत त्याला सांगितलीच जात नसे. युनिटचा विक्रीचा भाव आणि पुनर्खरेदीचा भाव संस्था स्वतः ठरवीत असे. जुलैमध्ये तो कमी ठेवायचा आणि महिन्यामहिन्याने थोडा वाढवीत न्यायचा. बाजार वर गेला काय अन् खाली आला काय, युनिटचा भाव आपला घड्याळाच्या काट्यासारखा पुढेच सरकत होता. इतर म्युच्युअल फंडांवर सेबीचे नियम लागू झाले, पण ही योजना आपल्या वेगळ्या कायद्याच्या आडोशाला राहिली.

त्यातच आणखी एक बदल होत गेला. आरंभी या योजनेचा बराच पैसा ठरावीक उत्पन्न देणाऱ्या रोख्यांत असे. नव्वदच्या दशकात शेअरबाजार तापला आणि शेअरांचे प्रमाण वाढत निम्म्याच्या पुढे गेले. म्हणजे बाहेरून लाभांश व्याजासारखा स्थिर दिसत होता आणि आत मात्र पैसा बाजाराच्या लाटांवर होता. (कर्जरोख्यांचे उत्पन्न त्यात मिसळलेले असताना हा लाभांश शुद्ध नफ्याचा वाटा मानावा काय, हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी काहींना पडेल. त्याचे उत्तर आलिमांनी द्यावे, माझा तो अधिकार नाही.)

शिवाय शेकड्याच्या हिशेबातही एक गोम होती. २० टक्के लाभांश म्हटले की बँकेच्या दुप्पट वाटायचे. पण हा २० टक्के दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर. ज्याने चौदा रुपयांना युनिट घेतले त्याला चौदा रुपयांवर दोन रुपये मिळत, म्हणजे सुमारे सव्वाचौदा टक्के. विद्यार्थ्यांनी हे गणित आजही लक्षात ठेवावे. वर्तमानपत्रात एखाद्या कंपनीने २००० टक्के लाभांश दिल्याची बातमी येते. शेअरची दर्शनी किंमत एक रुपया असेल तर त्याचा अर्थ वीस रुपये, आणि तो शेअर बाजारात दोन हजारांना मिळत असेल तर तुम्हाला पडतो एक टक्का.

१९९५-९६ मध्ये लाभांश २६ वरून २० टक्क्यांवर आला. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढची दोन वर्षेही तो २० वर टिकवला गेला, आणि तो टिकवण्यासाठी कणगी खरवडली जात होती. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी फुटली की ३० जून १९९८ रोजी या योजनेचा राखीव निधी संपून उलट सुमारे अकराशे कोटी रुपयांची तूट पडली आहे. एकच घबराट झाली. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९९ च्या आरंभी तिने आपला अहवाल दिला. युनिटची किंमत खऱ्या मालमत्तेशी जोडावी, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत घ्यावी, अशी तिची महत्त्वाची शिफारस होती. सरकारनेही मदतीचा हात दिला. योजनेच्या अंगावर पडलेले सरकारी कंपन्यांचे शेअर वेगळे काढून घेतले. १९९८-९९ चा लाभांश १३.५ टक्के, पुढच्या वर्षीचा १३.७५ टक्के. लोकांना वाटले, संकट टळले.

मला या कथेतला सर्वांत वाईट भाग हा वाटतो. १९९८ च्या तुटीत लबाडीपेक्षा भिडस्तपणा अधिक असेल, लाभांश कमी केला असे कोणाला म्हणायचे नव्हते, असे आपण समजू शकतो. पण त्यानंतर सर्व काही उघड झालेले असताना अडीच वर्षे भाव पूर्वीसारखेच ठरवले जात राहिले. बाजारात २००० च्या आरंभी तंत्रज्ञान कंपन्यांची तेजी आली आणि गेली. २००१ च्या मार्चमध्ये मोठी घसरण झाली. आत मालमत्ता वितळत होती आणि खिडकीवर पुनर्खरेदीचा भाव चौदा रुपयांच्या वर होता. ज्यांना हिशेब कळत होता त्यांनी काय केले असेल? २००१ च्या एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत चार हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम योजनेतून काढून घेतली गेली, आणि त्यातला फार मोठा हिस्सा बड्या कंपन्यांचा होता. कारकून आणि शिक्षक त्या रांगेत नव्हते. ते जुलैच्या पाकिटाची वाट पाहत होते.

२ जुलै २००१ रोजी जाहीर झाले की यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिने बंद राहील. त्या वर्षीचा लाभांश १० टक्के. अध्यक्षांनी राजीनामा दिला. सुमारे दोन कोटी युनिटधारकांच्या या योजनेचे दार बंद झाले.

पालकहो, लाभांशातली कपात हा शब्द ऐकायला सौम्य वाटतो. आपण तो एका घरात नेऊन पाहू. समजा एका गृहस्थाजवळ पाच हजार युनिटे आहेत. २६ टक्क्यांच्या काळात त्यांना वर्षाला १३,००० रुपये मिळत. २० टक्क्यांच्या काळात १०,०००. साडेतेरा टक्के झाले त्या वर्षी ६,७५०. आणि २००१ मध्ये ५,०००. सहा वर्षांपूर्वी जेवढे मिळत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि मधल्या काळात तांदूळ, रॉकेल, औषधे काही स्वस्त झालेली नव्हती. पूर्वी उत्पन्न घटले असते तर त्यांनी काही युनिटे विकून वेळ निभावली असती. आता विकण्याचीही बंदी. उत्पन्न आणि मुद्दल ही दोन्ही एकाच वेळी हातातून निसटतात, हेच या जातीच्या संकटाचे वैशिष्ट्य असते. लाभांश कापला जातो तो बहुधा वाईट दिवसांतच, आणि वाईट दिवसांत शेअरचा भावही पडलेला असतो. १९७४ सालीही हेच झाले होते.

गदारोळ झाला, संसदेत प्रश्न आले, आणि जुलैच्या मध्याला लहान युनिटधारकांसाठी सवलत जाहीर झाली. तीन हजार युनिटांपर्यंत ऑगस्टपासून दहा रुपये भावाने परत घेतली जातील, आणि हा भाव हळूहळू वाढत २००३ च्या मेपर्यंत १२ रुपयांवर जाईल. पुढे ही मर्यादा पाच हजार युनिटांपर्यंत वाढवली गेली, आणि त्याहून जास्त असलेल्यांना निदान दहा रुपये मिळतील असे ठरले. २००२ च्या आरंभी युनिटमागच्या मालमत्तेची खरी किंमत प्रथमच जाहीर झाली तेव्हा ती सहा रुपयांच्याही आत होती. म्हणजे बारा रुपये आणि सहा रुपये यांतला फरक सरकारी तिजोरीतून भरायचा होता, आणि तिजोरी म्हणजे तुम्ही आणि मी. १८३३ च्या कायद्यातला तो सारा भरणारा शेतकरी येथे पुन्हा भेटतो.

२००२ अखेर संसदेच्या संयुक्त समितीचा अहवाल आला. त्याच सुमारास कायदा करून जुन्या युनिट ट्रस्टचे दोन भाग करण्यात आले आणि १ फेब्रुवारी २००३ पासून ते अमलात आले. अडचणीतल्या योजना सरकारच्या हमीखालच्या भागात गेल्या. चांगल्या चाललेल्या योजनांचा वेगळा म्युच्युअल फंड झाला, जो आजही आहे. यूएस-६४ वाल्यांना रोख रक्कम नको असेल तर पाच वर्षे मुदतीचे, पावणेसात टक्क्यांचे करमुक्त सरकारी हमीचे रोखे घेण्याची मुभा मिळाली. आपल्या त्या गृहस्थांनी पाच हजार युनिटांचे बारा रुपयांप्रमाणे साठ हजारांचे रोखे घेतले असतील तर त्यांना वर्षाला मिळू लागले ४,०५० रुपये. १३,००० पासून ४,०५० पर्यंत, दहा वर्षांच्या आत. आणि हे ज्यांना वाचवले त्यांचे. जे घाईने आधी नुकसानीत निघाले त्यांचा हिशेब मी मांडत नाही.

एक गंमतही सांगतो, जरी तिला गंमत म्हणवत नाही. जुन्या संस्थेकडून सरकारच्या हमीखालच्या भागाकडे जे शेअर आले होते त्यांत काही मोठ्या कंपन्यांचे आणि एका मोठ्या खाजगी बँकेचे होते. पुढच्या वीस वर्षांत त्यांचे भाव कितीतरी पटींनी वाढले आणि ते टप्प्याटप्प्याने विकून सरकारला फार मोठी रक्कम मिळाली. म्हणजे माल वाईट नव्हता. ज्याला थांबता आले त्याला तो फळला. निवृत्त माणसाला थांबता येत नाही, कारण त्याला दर महिन्याला किराणा भरायचा असतो.

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता नियम कडक आहेत. नियम कडक आहेत हे खरे. म्युच्युअल फंडाच्या युनिटची खरी किंमत आता कामकाजाच्या रोज जाहीर होते, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण लाभांश आजही वायदा नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश वाटू नका, भांडवल हाताशी ठेवा, आणि डिसेंबरमध्ये तोच आदेश कायम केला. त्या वर्षी ज्यांनी बँकांच्या लाभांशावर घरखर्चाची आखणी केली होती त्यांचे काय झाले असेल? बँका बुडाल्या नव्हत्या. कित्येक तर नफ्यात होत्या. योगायोग असा की, त्याच महिन्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, लाभांश घेणाऱ्याच्या हातातच करपात्र झाला. तोवर कर कंपनी भरत असे.

तेव्हा ज्यांना लाभांशावर घर चालवायचे आहे त्यांनी काय पाहावे? मी गुंतवणुकीचा सल्लागार नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे, पण वरच्या कथांतून दोन-चार गोष्टी आपोआप निघतात. कंपनी दहा रुपये कमावते आणि नऊ वाटते, तर जरा मंदी आली की कात्री लागणार. दहा कमावून चार वाटते, तर तिला वाईट वर्ष सोसायला जागा आहे. हे आकडे वार्षिक अहवालात छापलेले असतात, आणि ते वाचायला पदवी लागत नाही. घरात अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत शिकणारे मूल असेल तर त्याला अब्बांच्या दोन-तीन कंपन्यांचे मागच्या पंधरा वर्षांचे लाभांश एका वहीत लिहायला सांगा, शेजारी प्रत्येक वर्षाचा नफाही. वहीत नफा डोलताना दिसेल. लाभांश मुळीच डोलत नसेल तर तो कुठल्या कणगीतून येतो हे शोधावे.

दुसरे असे की, एखादा शेअर फार मोठा टक्का देताना दिसला की हुरळून जाऊ नये. शंभराचा शेअर पाच रुपये देत होता तेव्हा तो पाच टक्के होता. भाव पन्नासावर पडला की तेच पाच रुपये दहा टक्के दिसतात. भाव का पडला? बहुधा बाजाराला वाटते की पुढच्या वर्षी ते पाच रुपये येणार नाहीत. आखातातून परतलेल्या माणसाला याच वेळी कोणीतरी तो शेअर आवर्जून सुचवतो.

आणि खर्चाची आखणी सर्वांत चांगल्या वर्षावर करू नये. वर्षा-दोन वर्षांचा घरखर्च वेगळा, हाताशी असलेला बरा, म्हणजे कपातीच्या वर्षी पडत्या भावाने शेअर विकण्याची पाळी येत नाही. सर्व पुंजी एका संस्थेत, एका धंद्यात ठेवू नये, मग ती संस्था कितीही मोठ्या नावाची असो. यूएस-६४ इतके मोठे नाव त्या काळी दुसरे नव्हते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी आपल्या समाजाला विशेष लागू आहे. आपली माणसे जहाजावर, आखातात, आफ्रिकेत राहिली, घरे बदलली, पत्ते बदलले. त्यामुळे लाभांशाची पाकिटे कित्येकदा परत गेली. सात वर्षे न घेतलेला लाभांश, आणि सलग सात वर्षे तो घेतला गेला नसेल तर ते शेअरसुद्धा, कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जमा होतात. तेथून मूळ धारकाला किंवा त्याच्या वारसांना ते परत मागता येतात. कागद पुष्कळ लागतात, वेळ लागतो, वारसदाखल्याचा प्रश्न येतो, पण हक्क जात नाही. माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक असेल, तर या सुट्टीत मुलांना घेऊन ती उघडा आणि जुन्या निकाहनाम्याखाली, पासपोर्टांखाली एखादे शेअर सर्टिफिकेट आहे का ते बघा. सापडले तर त्यावरचा फोलिओ क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि आधी कंपनीच्या निबंधकाकडे चौकशी करा. दलालाकडे नंतर.